घरोघरची कांच
(महोत्सवी वर्षांत धर्मग्रामाच्या सभेपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या शुभ वर्षीं आपल्या ख्रिस्तमंदिराविषयीं, आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेविषयीं आणि ज्या धर्मगुरूंनीं ही वस्ती घडविली त्यांच्याविषयीं बोलावयास अनेक विद्वान वक्ते या व्यासपीठावर उभे राहिले, व पुढेंही राहतील. माझ्या वांट्यास आलेला विषय त्या मानानें अगदींच सामान्य आहे. मला रिकाम्या बाटल्यांविषयीं बोलावयाचें आहे. हें ऐकून कित्येकांच्या चेहऱ्यावर हंसूं उमटलेलें मला येथून दिसत आहे. आपण खुशाल हंसावें, माझी हरकत नाहीं. परंतु भाषण संपेपर्यंत तें हंसूं तसेंच टिकलें, तर माझें बोलणें फुकट गेलें असें मी समजेन.

येत्या महिन्यापासून आपल्या धर्मग्रामांत घरोघरची रिकामी कांच गोळा करण्याची सेवा सुरू होत आहे. ती काय आहे, ती कां हवी, आणि तिच्यासाठीं आपणांस काय करावें लागेल, ह्या तीन गोष्टी समजावून देण्याची कामगिरी मंडळानें मजवर सोंपविली आहे. परंतु त्यापूर्वीं एक गोष्ट कबूल करणें मला प्राप्त आहे.

चार वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या दिवसांत आमच्या घरीं पाणी पिण्याचा एक कांचेचा पेला फुटला. मीं त्याचे तुकडे सुपलींत भरले, भाजीच्या देंठांच्या आणि केळ्यांच्या सालींच्या पिशवींत टाकले, व पिशवीचें तोंड बांधलें. जन्मभर मुलांस शिकविण्याचें काम केलेल्या मला त्यांत कांहींएक वावगें वाटलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं घंटागाडी आली, पिशवी गेली, आणि मी तें विसरून गेलों. त्यानंतर आठदहा दिवस आमच्या आळींत कचरा उचलावयास येणारी बाई दिसली नाहीं. ती पुन्हां आली, तेव्हां तिच्या उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्टी होती. मीं सहज विचारलें, "बाई, हाताला काय झालें?" ती म्हणाली, "कांच लागली, मास्तर. ओल्या कचऱ्यांत कांच डोळ्याला दिसत नाहीं, हाताला कळते." कोणत्या दिवशीं लागली, हें मीं विचारलें. तिनें दिवस सांगितला, आणि मीं पुढें कांहीं विचारलें नाहीं.

रोजावर काम करणाऱ्या मनुष्याचा हात दहा दिवस बंद राहिला, म्हणजे त्याच्या घरची चूलही दहा दिवस अर्धीच पेटते. दुसऱ्या दिवशीं मीं माझा अपराध तिच्यापाशीं कबूल केला, व औषधपाण्याचा खर्च देऊं केला. तिनें तो घेतला, आणि "पुढच्या वेळीं कागदांत गुंडाळून वेगळी द्या, म्हणजे झालें," एवढेंच ती म्हणाली. आज मी आपणांपुढें जें कांहीं मांडणार आहें, तें त्या बाईच्या या एका वाक्याचाच विस्तार आहे.

कांच ही वस्तु मोठी विलक्षण आहे. गेल्या उन्हाळ्यांत आपल्या तरुण मंडळींनीं एक जुनें बावखल उपसलें, तें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. गाळांतून जें लांकूड निघालें, तें कुजून भुगा झालेलें होतें. लोखंडाचा नुसता गंज उरला होता. कापडाचा तर मागमूसही नव्हता. बाटल्या मात्र टाकल्या तशाच्या तशा वर आल्या. त्यांत गोटीच्या सोडावॉटरची एक जाड, हिरवट बाटली होती. या जातीची बाटली हायरम कॉड नांवाच्या इंग्रजानें काढली, व १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. आपले आजेपणजे लग्नाच्या मांडवांत अंगठ्यानें गोटी आंत दाबून जो सोडा पीत, तो याच बाटलींतला. त्यांपैकीं कोणीतरी ती सहज बावखलांत भिरकावली असेल. तो गेला, त्याचीं मुलें गेलीं. बाटली मात्र धुतांक्षणीं अशी लखलखली, कीं जणूं कालच दुकानांतून आणली. तिच्या शेजारीं दुसऱ्याही पुष्कळ बाटल्या होत्या. त्या आपल्या आजोबांच्या नव्हत्या, आपल्याच होत्या.

मातींत पडलेली कांच कुजत नाहीं, व घरच्या चुलींत जळत नाहीं. जो शेतकरी अनवाणी पायांनीं केळींच्या आळ्यांत व भाजीच्या वाफ्यांत उतरतो, त्याला याहून अधिक सांगावयास नको. परंतु जो गुण वस्तु फेंकून दिल्यावर शाप ठरतो, तोच गुण ती परत दिल्यावर वर ठरतो. तो कसा, तें थोडें पाहूं.

बाटलीची कांच मुख्यतः तीन जिनसांची होते: वाळू, सोडा आणि चुनखडी. त्यांत शेंकडा सुमारें सत्तर भाग वाळूचा असतो. ही घर बांधावयाची वाळू नव्हे. ही शुभ्र सिलिका वाळू. आपल्या कोंकणांत सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कासार्डें गांवाच्या परिसरांत तिच्या खाणी आहेत. म्हणजे प्रत्येक नव्या बाटलीसाठीं कोठली तरी जमीन थोडीथोडी पोखरली जाते. हे जिन्नस मिसळून सुमारें १५०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टींत वितळवितात. ती भट्टी एकदां पेटली, कीं रात्रंदिवस, वर्षानुवर्षें जळत ठेवावी लागते; तिला सणवार नाहीं कीं रविवार नाहीं. आतां त्याच भट्टींत जुन्या बाटल्यांचा चुरा घातला, तर तो कच्च्या मालापेक्षां कमी उष्णतेंत वितळतो. मिश्रणांत जुन्या कांचेचें प्रमाण दर १० टक्क्यांनीं वाढविलें, कीं भट्टीला लागणारी उष्णता सुमारें अडीच ते तीन टक्क्यांनीं कमी होते. शिवाय सोडा व चुनखडी तापली, म्हणजे त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु बाहेर पडतो. जुन्या कांचेंतून तो पूर्वींच निघून गेलेला असतो. म्हणून १ टन जुनी कांच सुमारें १,२०० किलो कच्च्या मालाची जागा भरून काढते. जुन्या कागदाचा पुनःपुन्हां लगदा केला, तर त्याचे तंतू आंखूड होत जातात व कागद दुबळा होतो. कांचेचें तसें नाहीं. बाटली वितळवून बाटली, ती वितळवून पुन्हां बाटली, असें कितीही वेळां केलें तरी तिचा कस उणावत नाहीं.

मराठी मनुष्याला हा धंदा परका नाहीं. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनीं अशी कल्पना काढली होती, कीं प्रत्येकानें वर्षाला केवळ एक पैसा द्यावा, आणि त्या पैशांच्या राशींतून देशी उद्योग उभारावे. लोकमान्य टिळकांनीं त्या कल्पनेला पाठिंबा दिला. लोकांनीं दिलेल्या त्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडें येथें पैसा फंडाचा कांच कारखाना सुरू झाला. पुढें १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडाजवळ आपला कारखाना काढला. त्या जागेला ओगलेवाडी हें नांव पडलें, आणि तेथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जाऊन पोंचला. वीज येण्यापूर्वीं तिन्हीसांजेच्या सुमारास कंदिलाची कांच राखेनें पुसून लख्ख करणें, हें घरांतील मुलांचें काम असे. ती हातून फुटली, तर पाठींत धपाटा बसे. कारण कांच ही तेव्हां किमतीची वस्तु होती.

पैसा फंडाची गोष्ट मीं मुद्दाम सांगितली. एका पैशानें कारखाना उभा राहत नाहीं, हें तेव्हांही सर्वांस ठाऊक होतें. त्या पैशाचें बळ, तो घरोघर मागितला गेला व घराघरांतून दिला गेला, यांत होतें. आज आम्ही आपणांकडे पैसा मागत नाहीं. ज्या रिकाम्या बाटलीला बाजारांत कोणी विचारीत नाहीं, ती मागत आहों.

माझ्या लहानपणीं बाटली फेंकून द्यावी, हें कोणाच्या स्वप्नींही येत नसे. दुपारच्या वेळीं खांद्यावर पोतें टाकून बाटलीवाला आरोळी देत येई. पारशी समाजांत तर बाटलीवाला हें आडनांवच होऊन बसलें आहे. दवाखान्यांत जातांना घरून बाटली न्यावी लागे; कंपाउंडर तींत लाल औषध भरून देई, व तिच्यावर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी. घासलेट आणि खोबरेल हीं आणावयाचीं तीं बाटलींतून, आणि एकच बाटली वर्षानुवर्षें पुरावयाची. आज दुकानांतून प्रत्येक जिन्नस नवी बाटली घेऊन घरांत येतो, आणि ती बाटली एका दिशेनेंच प्रवास करिते.

भंगारवाला आजही येतो. परंतु ज्या बाटल्या धुवून पुन्हां भरल्या जातात, त्याच तो खुशीनें घेतो. मुरंब्याची बरणी, सॉसची बाटली, खोकल्याच्या औषधाची बाटली पुढें केली, कीं तो मान हलवितो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. कांच जड, तिला भाव थोडा, ती वाटेंत फुटावयाची आणि फुटली म्हणजे हात कापावयाची. अशा मालाचें ओझें हातगाडीवरून वाहण्यांत त्याचें पोट कसें भरावें? म्हणून ती कांच घंटागाडींत जाते. तेथें इतर कचऱ्याबरोबर दाबली जाऊन तिचा चुरा होतो, व तो चुरा खरकट्यांत मिसळतो. मग तें खरकटें खताच्या उपयोगाचें राहत नाहीं, आणि ती कांच भट्टीच्या उपयोगाची राहत नाहीं. दोन चांगल्या वस्तु एकमेकींत मिसळून दोन्ही निकामी होतात. आणि हें होत असतां मध्यें कोणाचा तरी हात सांपडतो.

इतर ठिकाणीं लोकांनीं यावर उपाय काढले आहेत. इंग्लंडांतील बार्न्सले या शहरीं १९७७ सालीं, लोकांनीं आपण होऊन रिकाम्या बाटल्या आणून टाकाव्या, यासाठीं रस्त्यावर पेट्या ठेवण्यास प्रारंभ झाला, व पुढें ती चाल त्या देशभर पसरली. स्वित्झर्लंडमध्यें विकल्या गेलेल्या बाटल्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक कांच परत गोळा होते. तेथील लोक आपल्याहून निराळ्या मातीचे घडलेले आहेत असें नाहीं. बाटली घेतांना ती परत करावयाची, ही गोष्ट त्यांच्या अंगवळणीं पडली आहे, इतकेंच. दूर कशाला जावें? आपल्याच देशांत निलगिरीच्या डोंगरांत, जंगलांत फेंकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या कांचांनीं हत्तींसारख्या प्राण्यांचे पाय जायबंदी होऊं लागले, तेव्हां मद्रास उच्च न्यायालयानें त्यांत लक्ष घातलें. २०२२ सालीं तेथील सरकारी दुकानांतून प्रत्येक बाटलीमागें १० रुपये अधिक घेण्याची, व रिकामी बाटली परत आणणारास ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. हत्तीचा पाय वांचविण्यासाठीं न्यायालयाला आज्ञा द्यावी लागली. आपल्या आळींतल्या बाईचा हात वांचविण्यासाठीं आपण कोणाच्या आज्ञेची वाट पाहणार?

तसें पाहिलें तर आज्ञाही झालेलीच आहे. प्रत्येक कुटुंबानें आपला कचरा घरींच वेगवेगळा करून द्यावा, असें कर्तव्य केंद्र सरकारच्या नियमांनीं २०१६ सालींच आपणांवर घातलें. त्याच्या आदल्या वर्षीं, २०१५ मध्यें, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं 'लाउदातो सी' हें परिपत्रक काढलें. आपल्या या सामाईक घराची काळजी कशी वाहावी, हा त्याचा विषय. इतक्या थोर विषयावर लिहितांना त्यांनीं अगदीं घरगुती गोष्टींची यादी दिली आहे. पाणी जपून वापरणें, खाण्यापुरतेंच शिजविणें, यांच्याच पंक्तीला त्यांनीं कचरा वेगळा करणें हेंही बसविलें आहे. शुभवर्तमानांत पांच हजारांच्या भोजनाची कथा आपण सर्व जाणतों. लोक तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा झाली, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला भाकरी वाढविणें कठीण नव्हतें, त्यानेंही तुकडे टाकून जाऊं दिले नाहींत. यावर अधिक भाष्य करण्याचा अधिकार माझा नाहीं. तें आपले फादर करतील.

आतां सेवा कशी चालेल, तें सांगतों. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं सकाळीं आपला टेंपो प्रत्येक आळींतून फिरेल. त्याबरोबर जाड हातमोजे व बूट घातलेले तरुण असतील. आपण आपल्या घरची कांच एका मजबूत खोक्यांत किंवा गोणींत भरून पायरीवर ठेवावी. बाकीचें काम ते करतील. गोळा केलेली कांच सभागृहामागील पडवींत वेगवेगळ्या ढिगांत ठेविली जाईल, आणि भरपूर सांठली म्हणजे बाटल्यांच्या व्यापाऱ्याला देण्यांत येईल. तेथून ती भट्टीकडे जाईल. किती वजन गोळा झालें, किती रक्कम आली व किती खर्च झाला, हें दर तिमाहीस सूचनाफलकावर लावण्यांत येईल.

घ्यावयाची कांच म्हणजे बाटल्या आणि बरण्या. त्या पांढऱ्या, हिरव्या व तपकिरी अशा तीन रंगांच्या असतात. शक्य तर रंगवार वेगळ्या कराव्या. याचें कारण साधें आहे. एकदां कांचेंत मिसळलेला रंग भट्टींतून काढून टाकतां येत नाहीं. पांढऱ्यांत थोडी हिरवी पडली, तर सर्वच घाण हिरवट होतो. बाटली थोड्या पाण्यानें विसळावी. त्यासाठीं नवें पाणी दवडूं नये, भांडीं धुतल्यावर उरलेलें शेवटचें पाणी पुरे आहे. झांकण अथवा बूच काढून ठेवावें. बाटलीवरचा कागद खरवडून काढण्याची जरूर नाहीं. तो भट्टींत जळून जातो. ठेवतांना बाटली उपडी ठेवावी किंवा आडोशाला ठेवावी. उघड्या बाटलींत पावसाचें पाणी सांचलें, तर डासांची पैदास होते, आणि एक रोग टाळतांना दुसरा घरांत यावयाचा.

आतां जें घेतलें जाणार नाहीं, तें लक्षपूर्वक ऐकावें; कारण चांगल्या मनानें टाकलेली एक चुकीची वस्तु सर्व ढीग बिघडविते. चिनी मातीच्या कपबशा व बशांचे तुकडे घालूं नयेत. ते बाटलीच्या भट्टींत वितळत नाहींत; खड्यासारखे राहतात, आणि नव्या बाटलींत जेथें असा खडा बसतो तेथें ती तडकते. विस्तवावर किंवा ओव्हनमध्यें चालणारीं कांचेचीं भांडींही नकोत. तीं दिसावयास बाटलीसारखींच असलीं, तरी त्यांची घडण निराळी, व त्यांना वितळावयास उष्णताही अधिक लागते. आरसा नको, कारण त्याच्या पाठीवर लेप असतो. खिडकीची तावदानें आमच्या खोक्यांत नकोत. त्यांचा मसाला वेगळा, व गिऱ्हाईकही वेगळें. विजेचे दिवे आणि ट्यूबलाइट तर मुळींच नकोत. ट्यूबलाइटमध्यें पारा असतो, आणि ती फुटल्यावर त्याची वाफ श्वासावाटे अंगांत जाते. इंजेक्शनच्या कुप्या व सुया यांचा मार्ग दवाखान्याकडे आहे, आमच्याकडे नाहीं.

फुटलेल्या बाटलीविषयीं आणि फुटलेल्या पेल्याविषयीं स्वतंत्र सांगतों, कारण माझ्या अपराधाचें मूळ तेथेंच आहे. फुटकी कांच कधींही पिशवींत सुटी टाकूं नये. ती जाड कागदाच्या चारसहा घड्यांत गुंडाळावी, किंवा रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत घालावी, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'कांच' असें लिहावें. असे डबे आमचे तरुण वेगळे घेतील. दोन अक्षरें लिहावयास किती वेळ लागतो? ज्याच्या घरीं शाळेंत जाणारें मूल आहे, त्यानें तें काम मुलाकडे द्यावें. कांच मात्र त्याच्या हातीं देऊं नये.

या सेवेविषयीं कित्येक शंका माझ्या कानांवर आल्या आहेत. पहिली अशी, कीं यानें भंगारवाल्याच्या पोटावर पाय येईल. ही शंका काढणाराचें मी अभिनंदन करतों. ती चांगल्या मनांतून आलेली आहे. तिचें उत्तर असें: ज्या बाटल्या भंगारवाला विकत घेतो, त्या त्यालाच द्याव्या. तसेंही, बाटली वितळविण्यापेक्षां धुवून पुन्हां भरणें केव्हांही श्रेयस्कर, कारण त्यांत भट्टीच पेटवावी लागत नाहीं. तो जें नाकारतो, तेवढेंच आम्हांस हवें आहे.

दुसरी शंका कोणी मोठ्यानें विचारली नाहीं. परंतु ती मला डोळ्यांत दिसली आहे. आपल्या लग्नसमारंभांत, नाताळांत व सणाच्या दिवशीं किती आणि कसल्या बाटल्या रिकाम्या होतात, हें येथें बसलेल्या कोणासही सांगावयास नको. त्या शेजाऱ्यांस दिसूं नयेत, म्हणून काळ्या पिशवींत खरकट्याखालीं दडविल्या जातात. कचरा उचलणाऱ्या हातांना यापासून किती इजा होत असेल, याचा विचार करावा. आमचे तरुण आपल्या पायरीवरची गोणी उचलतील. तींत काय आहे व किती आहे, याचा हिशेब ते घरवार ठेवणार नाहींत. लाजच वाटत असेल, तर ती बाटली रिकामी करतांना वाटावी; ती परत देतांना वाटण्याचें कारण नाहीं.

तिसरी शंका पैशाची. या धंद्यांत धर्मग्रामाला नफा होईल अशी आशा मी लावून देत नाहीं. कांच जड आणि स्वस्त; टेंपोचें भाडें मात्र जड आणि महाग. विक्रीच्या रकमेंतून सर्व खर्च भागेल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून प्रत्येक कुटुंबानें महिन्याकांठीं यथाशक्ति अल्पशी वर्गणी द्यावी, असें ठरलें आहे. जें कुटुंब देऊं शकणार नाहीं, त्याचीही कांच तितक्याच आदरानें उचलली जाईल. शिल्लक उरलीच, तर तिच्यावर पहिला हक्क आपल्या आळ्यांतून कचरा उचलणाऱ्या माणसांचा राहील. त्यांच्यासाठीं जाड हातमोजे, आणि धनुर्वातापासून बचाव करणाऱ्या इंजेक्शनाची सोय, यांचा खर्च तींतून केला जाईल. ही सूचना मंडळांत मांडली गेली, तेव्हां तिला एकानेंही विरोध केला नाहीं, हें सांगतांना मला अभिमान वाटतो.

शेवटची शंका सर्वांत जुनी आहे: आपल्या एका घरानें केलें, तर असें काय मोठें होणार? मी गणिताचा शिक्षक होतों. तेव्हां याचें उत्तर गणितानेंच द्यावें हें बरें. एका घरानें महिन्याला दोन बरण्या वेगळ्या ठेविल्या, तर वर्षाला चोवीस होतात. शंभर घरांनीं ठेविल्या, तर दोन हजार चारशें. ह्या चोवीसशें बरण्या बावखलांत पडणार नाहींत, वाडींतल्या मातींत मिसळणार नाहींत, आणि खरकट्याच्या पिशवींतून कोणाच्या तळहातांत शिरणार नाहींत. पैसा फंडाला तरी काय लागलें होतें? दरवाजा वाजविणारा एक, आणि आंतून पैसा घेऊन येणारा एक. वाजविणारे आमच्याकडे तयार आहेत.

महोत्सवाच्या निमित्तानें आपण मंदिराला रंग दिला, अंगणांत फरश्या बसविल्या, दिव्यांच्या माळा लावल्या. हें सर्व योग्यच झालें. परंतु त्या माळा उतरल्यावर, त्या अंगणांतला कचरा उचलावयास जी बाई येईल, तिला महोत्सव झाल्याचें कशावरून कळावें? तिच्या हाताला तो कळला पाहिजे. पिशवींत हात घालतांना तिला भय वाटलें नाहीं, तर हा महोत्सव तिच्यापर्यंत पोंचला, असें मी म्हणेन.

ही सेवा सुरू होत असल्याचें मीं तिला परवां सांगितलें. ती हंसली, आणि म्हणाली, "लोक करतील का हो, मास्तर?" मीं तिला उत्तर दिलें नाहीं, कारण तें माझ्या हातीं नाहीं, आपल्या हातीं आहे. आज घरीं गेल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याखालीं एकदां पाहावें. तेथें एकतरी रिकामी बाटली उभी असेल. ती विसळावी, उपडी ठेवावी, आणि पहिल्या शनिवारची वाट पाहावी. तिच्या प्रश्नाचें तेंच उत्तर.

 परमेश्वर आपणां सर्वांचें व आपल्या घरादारांचें कल्याण करो.